हस्की, अल्सेशियन की गावाकडचा कारवान?

पत्र: डॉक्टर, आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. टू बीएचके. मी बँकेत आहे, हे एका कंपनीत. सकाळी नऊला दोघंही बाहेर पडतो ते सहा-साडेसहालाच घरात. मुलगा सातवीत आहे, शाळेतून तीनला येतो. त्याला निळ्या डोळ्यांचा हस्की हवाय; मोबाईलवर रोज नवा व्हिडिओ दाखवतो. यांचं म्हणणं, कुत्रा पाळायचाच तर राखण करणारा, म्हणून अल्सेशियन. सासरे औशाजवळ गावी असतात. ते म्हणतात, "पैसे कशाला घालवता, मी चांगलं कारवानचं पिल्लू बघतो." एका ब्रीडरकडे हस्कीचं पस्तीस दिवसांचं पिल्लू आहे. पस्तीस हजार सांगतोय आणि रविवारपर्यंत टोकन द्या म्हणतोय. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, मोठ्या जातीचा कुत्रा चालणार नाही. यातली चांगली जात कोणती, एवढंच सांगा. घरातला वाद मिटेल.
एक वाचक, पुणे

ताई,

टोकन देऊ नका. बाकीचं निवांत वाचा, पण रविवार तोंडावर आलाय म्हणून हे आधी सांगतो. पस्तीस दिवसांचं पिल्लू विकायला मुळात परवानगीच नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. नियम बाजूला ठेवला तरी कारण तुमच्या मुलाच्या बोटांशी येऊन ठेपतं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावत खेळतात. जरा जोरात दात लागला की भावंड केकाटतं आणि खेळ मोडतं. दात किती लावायचा हे पिल्लू तिथं शिकतं. त्याआधीच आईपासून तोडलं, तर तो धडा ते घरातल्या माणसांवर गिरवतं. 'दुसरं गिऱ्हाईक दारात उभंय' असं सांगून घाई करणाऱ्याकडून मी कोंबडीसुद्धा घेणार नाही.

आता 'चांगली जात कोणती'. हा प्रश्न माझ्या टेबलासमोर आठवड्यातून दोनदा तरी येतो. विळी चांगली की रंधा, असं आपण कधी विचारत नाही. नारळ खोवायचाय की दार तासायचंय, ते आधी ठरतं. आज आपण ज्यांना जाती म्हणतो, त्यांतले बहुतेक कुत्रे कुठल्या ना कुठल्या कामासाठी माणसानं निवडून निवडून घडवलेले आहेत. पाय आखूड का, कान लोंबते का, भुंकणं एवढं मोठं का, याचं उत्तर त्या कामात सापडतं. काम संपलं, कुत्रा शहरात आला, सोफ्यावर बसला. पण अंगातलं काम गेलं नाही. ते तो शोधतो. नाही सापडलं तर स्वतः तयार करतो, आणि ते बहुधा तुमच्या गादीच्या कापसात असतं.

हे मी ठेचाळून शिकलोय. दवाखाना नवीन होता तेव्हा मी हौसेनं घरी डॅशहुंड आणला. लांबुडका, आखूड पायांचा, तपकिरी. नाव गुंड्या. एका पावसाळ्यात आमच्या अंगणातलं तुळशी वृंदावन एका बाजूला कललं. जाऊन पाहतो तर खाली हातभर खोल बीळ, आणि त्यातून गुंड्याची फक्त शेपटी बाहेर. आत घूस होती. मी त्याला ओढून काढलं, चिखलानं बरबटलेल्या त्या थोबाडावर वर्तमानपत्राची गुंडाळी मारली आणि कोंडून ठेवलं. नंतर कळलं की जर्मन भाषेत 'डाख्स' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा एक दांडगा, चिवट प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरता यावं म्हणून आखूड पाय, आत दम टिकावा म्हणून खोल छाती, आणि जमिनीखालून शिकाऱ्याला ठावठिकाणा कळावा म्हणून शरीराच्या मानानं भलताच मोठा आवाज. जर्मनीतल्या एखाद्या वनरक्षकानं ज्या कामासाठी त्याची पाठ थोपटली असती, त्यासाठी मी त्याला मारलं होतं. वृंदावन मी परत बांधलं. गुंड्यासाठी कोपऱ्यात वाळूचा एक ढीग ठेवला आणि त्यात रोज एक गाजर पुरायला लागलो. पुन्हा काही त्यानं वृंदावनाला नख लावलं नाही.

मुलाच्या हस्कीकडे येतो. त्याला सांगा, डॉक्टरांनाही हस्की आवडतो. सैबेरियाच्या पार ईशान्य टोकाला चुकची लोकांची वस्ती आहे. गोठलेल्या मुलखातून हलकं ओझं बेताच्या वेगानं, पण लांबच लांब ओढायचं, आणि तेही थोडक्या खाण्यावर, या कामासाठी त्यांनी हा कुत्रा घडवला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर हे कुत्रे अलास्कातल्या नोम गावी शर्यतीसाठी पोहोचले. तिथल्या धिप्पाड ओढकुत्र्यांपुढं ते इतके लहान दिसले की लोक त्यांना उंदीर म्हणाले. मग १९२५ च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. औषध रेल्वेनं निनाना गावापर्यंत आलं. पुढचे सुमारे १,०८५ किलोमीटर नुसता बर्फ. वीस माणसं आणि दीडशेच्या आसपास कुत्रे यांनी आळीपाळीनं ते साडेपाच दिवसांत पोहोचवलं. शेवटच्या टप्प्यावर बर्फगाडीच्या पुढं असलेला बाल्टो नावाचा कुत्रा जगभर गाजला, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा उभा राहिला. सगळ्यांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा मात्र सेप्पाला नावाच्या गाडीवानाच्या टोगो या कुत्र्यानं काढला होता, आणि तेव्हा तो बारा वर्षांचा म्हातारा होता. फाईल शेवटी ज्याच्या टेबलावर असते त्याचं नाव होतं. बँकेत तुम्हालाही हे ठाऊक असेल.

आता हाच कुत्रा सिंहगड रस्त्याला आणू. दिवसभर धावायची ताकद आहे, तिला तिसऱ्या मजल्यावर वाट नाही. म्हणून तो दार उघडं दिसलं की सुटतो. एकटं ठेवलं की भुंकत नाही, लांब गळा काढून विव्हळतो. सेक्रेटरींना ते नक्की ऐकू जाईल. हाक मारली तर वळून बघतो आणि आपल्या वाटेनं जातो. यात माज नाही. गाडीच्या पुढं असलेल्या कुत्र्याला समोरचा बर्फ पातळ वाटला, तर मालकाचा हुकूम मोडून वळणं हा त्याचा गुण मानला जायचा. स्वतःच्या डोक्यानं चालणारा कुत्रा त्या लोकांना हवा होता, तो त्यांनी मिळवला. आणि राखणीचं म्हणाल, तर हस्की चोराला हात चाटून आत घेईल.

उन्हाचं तर विचारूच नका. मागच्या मे महिन्यात एक हस्की माझ्याकडे आणला. आत आल्या आल्या तो टेबलाखालच्या फरशीवर चारही पाय बेडकासारखे पसरून पोटावर पडला. जीभ टोकाशी रुंद झालेली, रंग जांभळट लाल, लाळेची तार जमिनीपर्यंत. ताप पाहिला तर एकशे पाच. उकडतं म्हणून घरच्यांनी कौतुकानं मशीन फिरवून त्याचे केस उतरवले होते. या कुत्र्याला केसांचे दोन थर असतात, खाली लोकरीसारखा आणि वर राठ, आणि ते थंडीसारखं ऊनही बाहेर ठेवतात. ते काढल्यावर पाठीची कातडी उघडी पडून भाजली होती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. वाचला तो. पण त्याच्या मालकांचं विजेचं बिल आता एसीनं ठरतं.

यांच्या अल्सेशियनची गोष्ट वेगळी. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाचा एक जर्मन घोडदळातला कप्तान होता. १८९९ मध्ये कार्ल्सरूहच्या एका प्रदर्शनात त्यानं मेंढपाळाचा एक लांडग्यासारखा कुत्रा पाहिला, तिथंच विकत घेतला, त्याचं नाव बदलून होरांड ठेवलं आणि त्याच वर्षी संस्था काढून वंशावळीच्या वहीत त्याची पहिली नोंद केली. जर्मन शेफर्ड ही जात अशी तारीखवार सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' शब्द नको झाला म्हणून त्यांनी अल्सेशियन नाव दिलं. इंग्रजांनी ते १९७७ मध्ये सोडलं, आपण अजून सोडलेलं नाही.

या कुत्र्याचं मूळ काम फार कमी लोकांना माहीत असतं. तिकडे शेतांना कुंपण नसायचं. मेंढरं एका पट्टीत चरायची आणि शेजारच्या उभ्या पिकात जाऊ नयेत म्हणून हा कुत्रा पट्टीच्या कडेनं दिवसभर येरझाऱ्या घालायचा. चालतंबोलतं कुंपणच. तुमच्या घरी तो काय करेल? गॅलरी ते मुख्य दार, मुख्य दार ते गॅलरी. लिफ्टचा आवाज आला की दारात उभा. कुणी 'परका' आणि कुणी 'आपला' हे त्याला शिकवलं नाही, तर तो स्वतः ठरवतो, आणि दूधवाल्याचं काही खरं नसतं. शिकवला तर मात्र याच्यासारखा विद्यार्थी नाही. मेंढ्यांचं काम ओसरल्यावर श्टेफानिट्झनंच त्याला पोलीस आणि सैन्याकडे वळवलं. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तिथंही हेच कुत्रे होते. एकाच जातीतून चोर धरणारा आणि आंधळ्याचा हात धरणारा, दोन्ही निघाले. फरक शिकवणाऱ्याचा. यांना एक विचारा: पहिलं वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ तासभर तुम्ही स्वतः देणार का? 'ट्रेनर लावू' हे उत्तर मी मोजत नाही. शिवाय या जातीला मागच्या खुब्याचा आजार आनुवंशिक असतो. प्रदर्शनांच्या नादात पाठ उतरती करत नेलेले कुत्रे तर चालताना बघवत नाहीत. घ्यायचाच झाला तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. ब्रीडर हसला, तर उठून या.

राखण या शब्दावरून आठवलं. डॉबरमन हा कुत्रा जर्मनीत आपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्यानं घडवला. वसुलीला फिरताना सोबत कुणीतरी दरारा असलेलं हवं होतं, आणि गावातल्या बेवारस कुत्र्यांचा कोंडवाडाही त्याच्याकडेच असल्याचं सांगतात. म्हणजे कच्चा माल हाताशी. त्याचं आडनावच डोबरमान. वसुलीचा कुत्रा पाळून लोक वर विचारतात, पाहुण्यांवर गुरगुरतो का हो?

आणि उलटी गोष्ट पगची. २००३ नंतर एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीमुळं घरोघर पग आले. चीनच्या राजवाड्यांत मांडीवर बसायला घडवलेला हा कुत्रा. ते काम तो आजही चोख करतो. पण नाक इतकं दाबत नेलंय की आत हवा जायला जागा राहिली नाही. रात्रीचं ते घोरणं 'क्यूट' म्हणून लोक मला रेकॉर्ड करून ऐकवतात. तो श्वास कोंडल्याचा आवाज असतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण शेजारी 'मग लॅब घ्या' म्हणणारच. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडे असत. बर्फगार पाण्यात उडी मारून सुटलेले मासे नि जाळ्यांचे दोर ओढून आणायचे. तिथून ते इंग्लंडात गेले, दोन-चार सरदार घराण्यांनी वाढवले, आणि गोळी लागून पाण्यात पडलेलं बदक पिसं न दुखवता तोंडात धरून आणणं हे त्यांचं काम झालं. म्हणून लॅब दिवसभर तोंडात काहीतरी धरून फिरतो; तुमची चप्पल पळवतो तेव्हा तो चोरी करत नसतो, पोहोचवत असतो. माणसाला खूष ठेवायची हौस आणि खाण्याचं वेड यांमुळं त्याला शिकवणं सोपं. मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडोरनं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून काढल्याची नोंद आहे. खाण्याच्या वेडाचं कारणही आता सापडलंय. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पोट भरल्याची खूण देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. म्हणजे तो जेवणानंतर तुमच्याकडे केविलवाणा बघतो ते नाटक नसतं, त्याला खरंच भूक असते. तरीही द्यायचं नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लॅब टेबलावर चढवायला दोन माणसं लागतात.

आता सासऱ्यांचा कारवान. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या वादात ज्याचं कुणी ऐकून घेतलं नसेल असा माणूस तेच असावेत, आणि कुत्रा ओळखतात तेही तेच.

काही वर्षांपूर्वी लसीकरणाच्या शिबिरासाठी मी औसा-निलंग्याकडे गेलो होतो. दुपारी एका आजोबांच्या रानात लिंबाखाली बसलो होतो. पोत्यावर एक कारवान पडलेला. फिकट वाळूचा रंग, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, लांब निमुळतं तोंड, पोट पाठीला लागलेलं. मला वाटलं आजारी आहे. समोर ज्वारी काढलेलं रान, नुसते सड. एकदम त्याची मान वर झाली. मला काहीच दिसत नव्हतं. दोनेकशे पावलांवर एक ससा बांधावरून उठला होता. कुत्रा भुंकला नाही, गुरगुरला नाही, पोत्यावरून गेलाच. पळताना एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. एकदा पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढंमागं ताणलेले असताना. त्या सडांवरून धुळीची एक रेघ सरकत गेली एवढंच. ससा ओढ्यात उतरला. कुत्रा परत आला, पोत्याभोवती एक फेरी मारली आणि होता तसा पडला. आजोबा म्हणाले, "धरू देत न्हाई आता, गुन्हा हाय. पर पळायचं कसं अडवावं?" खरंच आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे.

हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. नाकानं माग काढणारे कुत्रे वेगळे. ते मान खाली घालून तासन्‌तास चालतात. हा मान वर करून बघतो, आणि हललेलं दिसलं की संपलं, कानात हाक शिरत नाही. नावातच कारवान, म्हणजे तांडा. इराण-मध्य आशियाकडून तांड्यांबरोबर याचे पूर्वज दख्खनेत आले असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, आणि तिकडच्या सलुकी जातीच्या शिकारी कुत्र्याशी त्याचं साम्य बघताच पटतं. अंगावर, विशेषतः कानांवर नि शेपटीवर रेशमी झुलूप असेल तर त्याला पश्मी म्हणतात. पुढं मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी याला हात दिला, म्हणून सीमेपलीकडे कर्नाटकात तोच मुधोळ हाउंड. मालोजीराव घोरपड्यांनी विलायतेत पाचव्या जॉर्जला याची जोडी भेट दिली होती, ही गोष्ट मुधोळात कुणीही सांगेल. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्करानं याची काही पिल्लं मीरतला प्रशिक्षणासाठी नेली. म्हणजे सासरे सांगतायत ते 'गावचं काहीतरी' नाही, हे मुलाला एकदा नीट कळू द्या.

घरात हा कुत्रा इतका शांत असतो की आहे की नाही कळत नाही. भुंकणं कमी, केस गळणं कमी, वास नाही. मग घ्यावा का? फ्लॅटमध्ये माझ्या मते नको. त्याला रोज एकदा मोकळं सुटून जीव खाऊन पळायला लागतं, साखळीला धरून सोसायटीभोवती दहा फेऱ्या मारून ते भागत नाही. आणि सिंहगड रस्त्यावर मोकळं सोडणं म्हणजे... उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीमागं तो ज्या वेगानं निघेल, त्या वेगात त्याला दुचाकी दिसणार नाही. परका माणूस अंगाला हात लावायला आला की तो आखडतो. लिफ्टमध्ये रोज दहा परके हात. कातडी पातळ, तारेला लागली की चिरते. अंगावर चरबी नाही, त्यामुळं भूल देतानाही आम्हाला हात राखून द्यावी लागते. वर शेजारी रोज विचारणार, खायला घालत नाही का हो याला?

गावात मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही. सासऱ्यांकडे रान आहे, माणसांचा वावर आहे, आणि त्यांना त्याचं काय करायचं ते कळतं. पिल्लू त्यांनी आणावं, त्यांच्याकडेच ठेवावं. मुलाला मे महिन्यात महिनाभर तिकडं धाडा. मोबाईलवरचा हस्की विसरायला एक धाव पुरेल.

मग घरी काय? आधी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या वरच्या सगळ्या बोलण्याला थोडी छेद देणारी आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाची माहिती घेतली, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीनं सांगता आला. सांगितलेलं ऐकणं, टाकलेली वस्तू आणून देणं, गळा काढणं, असल्या गोष्टींत जात थोडीफार दिसली. किती लवकर चिडतो यात जवळपास नाहीच. म्हणजे अंगातलं काम जातीवरून ओळखता येतं. माणसात कसा वागेल, मायाळू की तिरसट, ते त्या एका कुत्र्याकडं बघूनच. जात विचारून स्वभाव ठरवायची सवय आपण माणसांच्या बाबतीत अजून सोडली नाही, तेव्हा कुत्र्यांनी तक्रार करू नये.

आणि तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत खटकलेलं वाक्य जातीबद्दलचं नाहीच. नऊ ते तीन घर रिकामं. दोन महिन्यांचं पिल्लू, कुठल्याही जातीचं, दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं आणि चार वेळा खायला घालावं लागतं. सातवीतला मुलगा हे करणार नाही. आठवडाभर करेल, मग परीक्षा येईल. म्हणून माझं मत: पिल्लू नकोच. दोन-तीन वर्षांचा मोठा गावठी कुत्रा दत्तक घ्या. पुण्यात प्राणिमित्र संस्थांकडे पुष्कळ आहेत, नसबंदी झालेले, लस टोचलेले, बाहेर शी-शू करायची सवय लागलेले. त्यांचा स्वभाव तयार झालेला असतो, तो बघून घेता येतो. सलग तीन शनिवार मुलाला घेऊन जा. कुत्रा स्वतःहून जवळ येतो का, ताटली उचलली तर काय करतो, कुकरची शिट्टी झाली तर दबकतो का, एकटा अर्धा तास राहतो का, हे तिथंच कळेल. पुण्याचं ऊन, पाऊस, फटाके, सगळं त्यानं पाहिलेलं असतं. त्याला कुणी विशिष्ट कामासाठी घडवलं नाही. माणसाच्या आसपास राहून तग धरणं हेच हजारो वर्षं त्याचं काम. परका दारात आला की भुंकणं त्याला शिकवावं लागत नाही, तेव्हा यांची राखणही झाली. निळे डोळे नसतील. भुवयांवर दोन पिवळे ठिपके असलेला मिळाला तर घ्या, आमच्याकडे त्यांना चार डोळ्यांचा म्हणतात.

तोही दिवसभर एकटा नको. दुपारी तीनला मुलगा येईपर्यंत मध्ये एकदा कुणीतरी अर्धा तास बाहेर नेणारं माणूस ठरवा आणि त्याचे पैसे आधीच महिन्याच्या खर्चात धरा. पस्तीस हजारांत त्याची बरीच सोय होते. संध्याकाळची फेरी मुलाची. पाऊस असला तरी. हे लिहून घ्या त्याच्याकडून.

सेक्रेटरींना शांतपणे सांगा की केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर, तो मोठा आहे किंवा अमुक जातीचा आहे म्हणून बंदी घालता येत नाही. २०२४ मध्ये केंद्रानं तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, तेही कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. आणि गावठी त्या यादीत नव्हताच. पण कागद पुढं करण्याआधी जिना आणि लिफ्ट स्वच्छ राहील याची हमी द्या, साखळी कायम लावा, महापालिकेचा परवाना काढा आणि रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवा. बहुतेक सेक्रेटरी तिथंच निवळतात. नाहीच निवळले, तर कुत्रा आणण्यापूर्वी लाडू घेऊन जा.

नाव मात्र मुलाला ठेवू द्या. फक्त ते लिओ नसावं. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर चार लिओ येऊन गेले, आणि हाक मारली की बाहेर बाकावरचा दुसराच उठून आत येतो.